वेल्सला पाठवलेली वही

ती वही शंभर पानी होती, निळ्या पुठ्ठ्याची. तिची नक्कल मी केली नव्हती. हे आधीच सांगून टाकतो, कारण लिहिता लिहिता मी स्वतःला सावरून घेईन अशी भीती वाटते.

बाबा किन्हीराजा गावचे भगत. कुणाची म्हैस आटली, कुणाचं पोर खंगलं की त्यांना बोलावणं यायचं. डमरूसारखा पण मोठा असा डहाका मांडीवर आडवा धरून, काडीने वाजवत ते देवाची गाणी म्हणायचे. पौषातल्या पहिल्या रविवारी निंबाच्या पारावर ते सगळं गाणं सुरुवातीपासून म्हणावं लागे. धरती कशी झाली, साप कुठून आला, देवाने गावाची शीव कशी आखली. सकाळी बसले की उन्हं डोक्यावर येईपर्यंत. आपल्या मामाच्या मागे बारा वर्षं बसून बाबांनी ते घेतलं होतं. मी वाशीमला कॉलेजात होतो, घरातला पहिलाच. कुणी विचारलं तर 'वडील शेती करतात' एवढंच सांगायचो. शेती होतीच, खोटं नव्हतं.

इंग्रजी सुधारावं म्हणून मी एका मासिकातून पत्ता घेऊन पत्रमित्र केला. वेल्समधला, माझ्याच वयाचा. दुसऱ्या की तिसऱ्या पत्रात त्याने लिहिलं की तो ड्रुइडांच्या मेळ्याला जातो. कॉलेजच्या शब्दकोशात एकच ओळ सापडली, ब्रिटनमधल्या केल्ट लोकांचे प्राचीन पुरोहित. बाकीचं त्याच्याकडूनच कळलं. जुन्या ड्रुइडांनी म्हणे आपली विद्या कधी लिहू दिली नाही. वीस-वीस वर्षं पाठ करायची. पुढे पाठ करणारे गेले आणि विद्याही गेली. आताचे ड्रुइड पांढरे झगे घालून ओकच्या झाडांखाली जमतात, पण त्यांचे मंत्र अलीकडे कुणीतरी रचलेले. माझ्या मित्राचं त्यावर समाधान नव्हतं. तो आणि त्याचे चार-पाच सोबती डोळे मिटून ढोल वाजवायचे आणि त्या नादावर दुसऱ्या जगात जायचे. याला ते केल्टिक शामनांचा मार्ग म्हणत. शामन हा शब्द मात्र सायबेरियाकडचा, उसना, हेही त्यानेच कळवलं. ज्येष्ठ ड्रुइड त्यांच्यावर चिडत. ड्रुइड म्हणजे पंडित, न्यायनिवाडा करणारा, ढोलावर घुमणारा नव्हे. मित्र म्हणायचा, पंडिताच्या आधी घुमणाराच होता. पुरावा दोघांकडेही नव्हता.

मग मी, खूप विचार करून, बाबांविषयी लिहिलं. उत्तर आलं. 'तुझे वडील शामन आहेत. आमच्याकडे एकही गाणं उरलेलं नाही.' ते वाक्य मी खोलीत उभ्यानेच तीन-चारदा वाचलं. ज्याची मला लाज वाटायची ते कुणीतरी समुद्रापलीकडून मागत होतं.

दिवाळीच्या सुट्टीत बाबांना विचारलं. ते तूर पाहून आले होते.

"गोऱ्याले कायले पायजे आपलं गाणं? त्याच्या गावात देव नाई का?"

"होते म्हणे. हरपले."

"देव का बकरी हाये हरपाले?" बाबा हसले. मी ड्रुइड आणि शामन यांचं भांडण सांगितलं. म्हटलं, "आपला जोशी अन् तुमी मुळात एकच होते का, असा वाद हाये तिकडे."

"जोशाले इचार जाऊन. मले तर त्यानं अजून ओट्यावर बसू देलं नाई." मग म्हणाले, "लिवून घे. पण लिवलेलं तोंडातून जाते, ध्यानात ठेव."

पंधरा दिवस ते म्हणत गेले, मी लिहीत गेलो. डाव्या पानावर गाणं, उजव्या पानावर इंग्रजीत अर्थ. एक भाग लिहून झाला की तो डोक्यातून सोडून द्यायचा, ही मला परीक्षेची सवय होती.

मी ज्यांच्याकडे खोली घेऊन राहत होतो त्या जैन दुकानदारांनी खाकी कागद आणि सुतळी दिली.

"विलायतले भेजून राह्यला का? कापी ठेवली ना रे?"

"हो," मी म्हणालो. आधी पाठवू, मग बाबा पुन्हा सांगतीलच, असं मनात होतं. इतकंच.

पावसाळ्यात बाबांना लकवा मारला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. तोंडातून 'अं अं' एवढंच येई. मी वाशीमहून पोचलो तेव्हा आई रडत नव्हती. ती म्हणाली, "तुह्या वहीत हाये ना सारं? तू म्हणजो आता पौषात." मी मान हलवली. ती मान मी का हलवली, हे आजही सांगता येत नाही.

त्यानंतर मी पत्रांवर पत्रं लिहिली. वही परत पाठव. निदान उतरवून पाठव. प्लीज हा शब्द एका पत्रात सहा वेळा आला होता. पोस्टमन दुकानासमोरून सायकल न थांबवता गेला की मी त्याच रात्री पुढचं पत्र लिहायला घ्यायचो. गावी गेलो की बाबा माझ्या पिशवीकडे बघत.

पौष लागायच्या चार दिवस आधी मित्राचं पाकीट आलं. वही त्यांच्यातला एक जण आयर्लंडला घेऊन गेला होता आणि तो कुठे आहे हे कुणालाच ठाऊक नव्हतं. पण मी वाईट वाटून घेऊ नये. माझ्या इंग्रजी अर्थांवरून त्यांनी एक गाणं बांधलं होतं. ते ऐकायला ड्रुइडही आले आणि दोन्ही गट पहिल्यांदाच एका झाडाखाली बसले. सोबत टाइप केलेला एक कागद होता. त्यात निंबाच्या जागी ओक होता आणि शिवेच्या जागी नदी. साप नव्हताच. त्यांच्यासाठी ते खरं असेल. मला त्यांचा रागही धरता येईना.

रविवारी चौघांनी बाबांना खाटेसकट पारावर आणलं. लोक बसले होते. म्हातारे पुढे, बाया निंबाच्या पलीकडे. "भगताचं पोरगं शिकलं, बरं झालं," मागून कुणीतरी म्हणालं, "कागदावर हाये, आता काय फिकीर नाई." आईने बाबांच्या मांडीवर डहाका ठेवला, काडी डाव्या हातात दिली. हात वाकडा पडत होता, पण ठेका तोच निघाला.

लहानपणापासून कानावर पडलेल्या पहिल्या आठ-दहा ओळी मी म्हटल्या. धरती पाण्यावर आली. पुढे साप यायचा होता.

मला काही आठवेना. हातात तो कागद होता. आईला वाटलं, तेच गाणं. "वाच ना बाप्पा," ती हळूच म्हणाली. मी कागद उघडला, मिटला. पुन्हा उघडला. बाबा माझ्या तोंडाकडे बघत होते. साप यायची जागा आली, त्यांनी काडी उचलून धरली आणि थांबले. त्यांनी मान हलवली, जणू मी फक्त चुकलो आहे, आणि पहिल्यापासून ठेका धरला. मी पुन्हा त्याच आठ-दहा ओळी म्हटल्या. पुन्हा ती जागा आली. काडी वर.

दुपारपर्यंत लोक एकेक करून उठून गेले. बाबा मात्र दर वेळी पहिल्यापासून सुरू करत राहिले, आणि मी पाण्यावर आलेल्या धरतीशी येऊन थांबत राहिलो.