भिंतीकडे तोंड

शर्टांच्या कारखान्यात तिला सगळे शांता म्हणत. ते तिचं नाव नव्हतं. लहानपणी तापात तिचे कान गेले, कामावर ती चकार शब्द काढत नसे, म्हणून कुणीतरी गमतीत शांता म्हटलं आणि तेच चिकटलं. खरं तर तिला बोलता यायचं. आईशी ती तोंड दुखेपर्यंत बोलायची. आई गेली आणि बोलणंही बंद पडलं. भाऊ-वहिनी वाईट नव्हते, पण तिच्याकडे तोंड करून बोलायला दोघांनाही सवड नसायची.

कारखान्याने अपंगांना कामावर घ्यायचं ठरवलं, तेव्हा पहिली निवड तिची झाली. मालकीणबाईंनी तिच्याबरोबर फोटो काढून तो दाराशी लावला. सुपरवायझरने मशीन दिलं ते मात्र कोपऱ्यात, भिंतीला चिकटून. "इथे तुला कुणाचा त्रास नाही," तो हातवारे करत म्हणाला. खरंच, त्रास द्यायलासुद्धा कुणी तिकडे फिरकलं नाही.

जेवताना सगळ्या हसल्या की तीही हसायची, जरा उशिरा. काय झालं म्हणून नजरेने विचारलं, तर काजं करणारी बाई हात झटकायची. "काही नाही गं, असंच."

एका सकाळी ती कॉलर जोडत होती. तळपायाला मशिनांची थरथर सतत जाणवायची, ती थांबलीय हे कॉलर संपल्यावर तिच्या लक्षात आलं. तिने वळून पाहिलं. पंखे फिरत होते, अर्धवट शिवलेल्या बाह्या सुयांखाली तशाच अडकलेल्या, आणि माणूस एकही नाही. हातातली कॉलर घेऊनच ती जिना उतरली.

खाली अंगणात सगळे रांगा लावून उभे होते. सुपरवायझर मालकीणबाईंना काहीतरी सांगत होता. पायरीवरून तिला त्याचे ओठ स्पष्ट दिसले. "सगळे बाहेर आले, मॅडम. एकही जण मागे राहिला नाही."

तेवढ्यात काजवालीची नजर तिच्यावर गेली, तशी ती चपापली. मग सुपरवायझर धावत आला. "अगं, आगीचा सराव होता! भोंगा वाजला, तुला सांगायचं राहूनच गेलं. खरी आग थोडीच लागली होती!"

त्या दिवशी तिला एकही कॉलर सरळ जोडता आली नाही. घरी तिने भावाला सांगायचा प्रयत्न केला. तो फोनमधून मान वर न काढता म्हणाला, "पण काही झालं नाही ना?"

दुसऱ्या दिवशी ती लवकर आली आणि मशीन ओढून वळवायला लागली. ते सहजासहजी हलेना. बायका येऊन बघत उभ्या राहिल्या. सुपरवायझर धावला. "हे काय चाललंय? वायर तुटेल. ठेव जागेवर!"

"मला दिसायला हवं," ती म्हणाली.

आवाज किती मोठा निघाला ते तिला कळलं नाही. पण सगळ्या दचकल्या.

"अगंबाई, हिला बोलता येतं?" काजवाली शेजारणीला म्हणाली. तेही तिने वाचलं.

"येतं. भोंगा वाजला तर मला कोण सांगणार, तेवढं सांगा."

सुपरवायझरने मान खाली घातली आणि वायरमनला हाक मारली. दुपारपर्यंत मशीन वळलं. पुढे भोंग्याबरोबर पेटणारा लाल दिवाही बसला.

आता तिला सगळं दिसायचं. कोण कुणाच्या कानाला लागतं, कुणाचे डोळे भरून येतात, कोण कुणासाठी थांबतं. भिंत समोर होती तेव्हा यातलं काही ठाऊक नव्हतं. ठाऊक झाल्यावर, त्यात आपण कुठेच नाही हे बघत, दिवस जास्तच लांब वाटायला लागला.

एका संध्याकाळी काजवाली आपणहून तिच्याबरोबर निघाली. चालता चालता ती भडाभडा काहीतरी सांगत होती. पण अंधारून आलं होतं, ओठ दिसेनात.

"दिव्याखाली चल," ती काजवालीला म्हणाली.

दोघी रस्त्यावरच्या दिव्याखाली थांबल्या. काजवालीने पहिल्यापासून सुरुवात केली: नवरा महिनाभर घरी आलेला नाही, सासूला अजून सांगितलेलं नाही. इतक्यात बस आली. वाक्य अर्धं टाकून ती पळाली, दारातून काहीतरी ओरडली. तेवढ्या अंतरावरून ते वाचता आलं नाही. बस वळेपर्यंत ती एकटीच दिव्याखाली उभी राहिली, मग घराकडे चालू लागली.