पाहुणे कुठवर आले?

आता कसं सांगू तुम्हाला! आमच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक झालंय, तेव्हा तुमच्यापासून तरी काय लपवायचं? शेजारच्या शोभावहिनींच्या प्रियांकाचं लग्न मी जमायच्या आधीच भर फाट्यावर मोडत आणलं होतं!

फलटणचे जगताप पाहुणे पोरगी बघायला आमच्या विट्याला येणार होते. आधीची तीन स्थळं हुकलेली, त्यामुळं वहिनींच्या जिवाला घोर. मग शेजारीण कशाला असते हो? वहिनी नको नको म्हणत असताना मी पाहुण्यांचा नंबर घेतला आणि रस्ता सांगायचं काम अंगावर ओढून घेतलं.

सकाळपासून दर दहा मिनिटांनी फोन! "दहिवडी आली का? मायणी आली का? स्पीकरवर टाका की, म्हंजे गाडीतल्या समद्यांना रस्ता कळंल!"

"टाकलाय काकू," मुलाचे वडील बिचारे दर वेळी म्हणायचे.

तेवढ्यात कळलं, पोह्यांना कोथिंबीर नाही. काढली स्कूटी, मोबाईल खुपसला स्कार्फात कानापाशी, आणि निघाले. फोन चालूच! हातात धरला तरच फोनवर बोलणं होतं, स्कार्फातला मोजायचा नाही, अशी माझी आपली समजूत.

कोथिंबिरीची जुडी घेऊन परत फिरले, तर पाहुणे म्हणाले, "काकू, फाट्यावर आलोच बगा."

मी मनात हसले. आपल्याकडं 'आलोच' म्हणणारा माणूस अजून आंघोळीला बसलेला असतो! हे मायणीतच चहा पीत असणार. "या या, सावकाश या," म्हटलं आणि इकडंतिकडं न बघता फाट्यावर वळले.

करकचून ब्रेक! एक पांढरी गाडी माझ्यापासून वीतभर अंतरावर. स्कूटी आडवी, मी कशीबशी उभी, कोथिंबीर त्यांच्या काचेवर. या गडबडीत स्कार्फातला मोबाईल घसरून गळ्याशी गेला, पण तिकडं लक्ष कुणाचं? मी गाडीत बघतेय, तर काचा बंद आणि स्टेअरिंगवरच्या मिशाळ माणसाच्या हातात मोबाईल!

डोकंच फिरलं माझं. गेले ती गाडीला आडवी. "गाडी चालवताना फोनवर बोलताय? माणसं मारायला निघालाय व्हय? उतरा खाली!"

तो आतून मोबाईलकडं बोट दाखवायचा, मग माझ्याकडं, परत मोबाईलकडं. मला वाटलं, म्हणतोय, थांबा बाई, बोलणं संपू दे!

"बगा बगा, आजून ठेवत न्हाई!" मी किंचाळले.

फाट्यावर गर्दी जमायला कितीसा वेळ? वडापाववाला आला, रिक्षावाले आले. एक पैलवान गडी बाह्या सरसावत पुढं झाला. "काकू, तुमी बाजूला व्हा. लय मस्ती आलीया ह्याला. काच फोडूनच भाईर काढतो." आणि खरंच हो, त्यानं दगड उचलला! मागच्या सीटवरची बाई तोंडाला पदर लावून रडायला लागली. पुढं बसलेला तरणा पोरगा हात जोडायला लागला. तेव्हा कुठं मी पैलवानाचा हात धरायला धावले. डोकं फुटलं कुणाचं तर? पण गर्दी एकदा पेटली की पेटवणाऱ्याचं ऐकतंय कोण?

तेवढ्यात काच खाली आली. मी जिवाच्या आकांतानं ओरडले, "आरं दगड ठेव!"

"आरं दगड ठेव!" गाडीतून आवाज आला.

बाईचा आवाज. माझाच!

मी हळूच म्हटलं, "हॅलो?"

"हॅलो?" मिशाळ माणसाच्या हातातला मोबाईल म्हणाला.

"काकू," ते घाम पुसत म्हणाले, "कवापासनं दाखवतोय, फोनवर तुमीच हाय! ठेवला की परत करता, म्हणून ठेवला न्हाई."

पैलवानानं दगड खाली टाकला. माझ्या स्कार्फाकडं निरखून बघितलं. "आवं काकू, मग फोडायची कुणाची काच?"

पुढं मी नव्हतेच. बिनकोथिंबिरीचे पोहे खाऊन पाहुण्यांनी प्रियांकाला पसंत केलं, हे मला भिंतीला कान लावून कळलं. माणसं लय चांगली! एकच खोड लागलीय. मी कधीही फोन केला, की "काकू, गाडी चालवतोय" म्हणून ठेवून देतात.

परवा तसं म्हणताना त्यांच्या मागं कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या.