चारातलं एक

माझी थोरली बहीण आत्याच्याच घरी दिली होती, मार्गासनीला. आत्याचा मुलगा लहानपणापासून आमच्याकडे भोरला येऊन-जाऊन असायचा, त्यामुळे ताईला सासर परकं असं वाटलंच नाही. नव्वदीची सुरुवात होती. पहिला मुलगा झाला तेव्हा आत्यानं घरोघर पेढे वाटले. पण सहा-सात महिन्यांचं झालं नि पोर पांढरंफटक पडायला लागलं. दूध ओढेना, पोट मात्र फुगलेलं. भोरच्या डॉक्टरांनी पुण्याला पाठवलं आणि थॅलेसेमिया हा शब्द आमच्या घरात आला. दर महिन्याला रक्त चढवायचं, तेही जन्मभर.

तिथल्या डॉक्टरबाईंनी ताईला आणि दाजींना समोर बसवून समजावलं, की दोघांच्याही रक्तात हा दोष निम्मा-निम्मा आहे, म्हणून तुम्हाला त्रास नाही. पण तुमच्या मुलांत चारात एकाला हा आजार होऊ शकतो. बाहेर पेशंटची रांग होती. दोघांनी मान हलवली आणि स्वारगेटवरून एसटी धरली.

मी तेव्हा सुट्टीला मार्गासनीलाच होते. आत्या अंगणात वाट बघत उभी होती.

"काय म्हनल्या बाई?"

"चारात एकाला हुतो म्हनल्या," दाजी म्हणाले.

आत्यानं बोटांवर चार मोजले. मग म्हणाली, "मग झाला की एकाला. चार अंड्यांतलं नासकं पयल्यांदाच हाताला लागलं म्हनायचं. ऱ्हायलेली तीन चांगली निगत्याल."

सगळ्यांनाच ते पटलं. मलाही पटलं. त्या रात्री ताई कितीतरी दिवसांनी पोटभर जेवली.

पुढं मी बारावीला गेले. भोरच्या कॉलेजात संभाव्यतेचा धडा सुरू झाला तेव्हा सरांनी वर्गात एक कापडी पिशवी आणली. आत तीन पांढऱ्या गोट्या आणि एक काळी. त्यांनी न बघता एक काढली. काळी निघाली. ती परत आत टाकून त्यांनी पिशवी हलवली आणि विचारलं, "आता कुठली येईल?"

"पांढरी!" अख्खा वर्ग ओरडला.

सर हसले. "का रे बाबांनो? काळी पुन्हा आत गेली की. पिशवी होती तशीच झाली."

मला आत्याची ती चार अंडी आठवली. ताईला तेव्हा पाचवा महिना संपत आला होता.

शनिवारी दुपारी मी नसरापूरला उतरून मार्गासनीवरून जाणारी वेल्ह्याची गाडी धरली. ताई ओसरीवर तांदूळ निवडत होती. बाळ शेजारी झोपलं होतं. मी तिला सरांच्या पिशवीचं जमेल तसं सांगितलं. अंडी टोपलीतून कमी होत जातात, तसं हे नाही. प्रत्येक मुलाच्या वेळी पिशवीत पुन्हा त्याच चार गोट्या असतात, तीन चांगल्या आणि एक वाईट. आधी काय झालं याचा त्याच्याशी काही संबंध नाही.

तिचा हात सुपातच थांबला. "म्हंजी ह्याला झालं, तरी त्याला बी व्हऊ शकतं?"

"होऊ शकतं. पण न होण्याची शक्यता जास्त आहे ताई."

"मग हे आदी का न्हाई कुनी सांगितलं?"

आत्या आतून बाहेर आली. "पोटुशीला असलं सांगत्यात व्हय गं? पुस्तकातलं हितं आनू नगंस!"

दाजी मात्र ऐकत होते. सोमवारी ते ताईला घेऊन पुण्याला गेले. पोटातल्या बाळाची तपासणी मुंबईला होते, पण त्या तपासणीचे दिवस उलटून गेलेत, असं कळलं. वाट बघण्याखेरीज काही उरलं नाही.

मुलगी झाली. गोरी, टपोऱ्या डोळ्यांची. आठव्या महिन्यात तिचीही रया गेली, आणि एसटीनं पुण्याला जाणारी पोरं दोन झाली.

आता गावातला हिशेब उलटा फिरला. हिच्या कुशीतच ते हाय, व्हतील तेवढी तशीच व्हतील, असं बायका म्हणू लागल्या. ताईनंही तेच धरलं. मी तिला पुन्हा समजावायला गेले. आता वेळेवर गेलं तर आधीच कळतं, मूल ठेवायचं की नाही ते ठरवता येतं, आणि अजूनही दर वेळी चारातल्या तीन गोट्या चांगल्याच आहेत, असं म्हणाले.

ती शांतपणे म्हणाली, "तुजा हिशेब बरुबर असंल. पन पिशवीत हात मला घालावा लागतो."

तिनं कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन करून घेतलं. पंचविशीही उलटली नव्हती.

पहिल्या चुकीपेक्षा या दुसरीचंच मला जास्त वाईट वाटतं. आधी खोट्या आशेनं तिला पुढं ढकललं, आणि आशेला जागा होती तेव्हा भीतीनं दार लावून घेतलं. त्या पहिल्या दिवशी 'चारात एक'च्या आधी कुणी 'दर वेळी' एवढे दोन शब्द जोडले असते तर! डॉक्टरबाईंना ते इतकं उघड वाटलं असेल की बोलायचं सुचलंच नसेल.

भाचा नववीत असताना गेला. रक्ताबरोबर अंगात साठत गेलेल्या लोहानं त्याचं हृदय थकलं होतं. भाचीच्या वेळेपर्यंत ते लोह उतरवणाऱ्या गोळ्या मिळू लागल्या होत्या, ती तगली.

ती अकरावीत होती तेव्हाची गोष्ट. पुण्याहून रक्त चढवून आली की तिला तरतरी यायची, बडबडायची. त्या दिवशी एकदम म्हणाली, "मावशी, आईला तवा नीट कळलं असतं, तर मी झाले असते का गं?"

मी खोटं बोलू शकले नाही. "बहुतेक नाही."

"दादाचं लई वाईट झालं," ती म्हणाली. "पर माजं नगं वाईट वाटून घेऊस."

मी मान हलवली. पण तिच्या आईसाठी हळहळायचं आणि ती समोर बसली आहे म्हणून सुखावायचं, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी कशा करायच्या, ते मला त्या दिवशी जमलं नाही. अजूनही जमत नाही.