शुभ नकार

श्रीगजाननास वंदन करून, संकष्टीच्या सकाळी पेणच्या सरकारी रुग्णालयात बाकावर शेजारी भेटलेल्या एका बाईंचे स्मरण लिहितो.

महामार्गालगत देहविक्रय करणाऱ्या त्या बाई एका तरुण सोबतिणीला एचआयव्हीच्या तपासणीस घेऊन आल्या होत्या. तिचा घामेजला हात त्या पदराने पुसत होत्या.

तरुणी आतून आली आणि "निगेटिव्ह" म्हणून रडू लागली. अशुभ समजून मी म्हणालो, "धीर धर, मुली."

बाई हसल्या. "आजोबा, आमच्या धंद्यात रिपोर्ट 'नाय' आला म्हंजे देव पावला! माझा 'व्हय' आलाय. रोज गोळी घेते, म्हणून हाय. चल गो, डोळे पूस."

व्याकरणातली नकाराची रूपे मी आयुष्यभर शिकवली. नकारातला आशीर्वाद त्या बाकावर कळला.

वाचकहो, आपल्या घरी कोणी भीतभीत उत्तराची वाट पाहील, तेव्हा गजानन असाच नकार देवो.