आमच्या छतातला दीड हात

छत बदलायला विशेष अक्कल लागत नाही, असं माझं त्या वर्षीच्या जूनपर्यंत प्रामाणिक मत होतं.

आमचं घर लखनौला, निशातगंजच्या एका गल्लीत. मी बँकेत. बदल्या चुकवत चुकवत (हेही एक कौशल्य आहे, पण आत्मस्तुती नको) बारा वर्षं तिथे काढली आणि शेवटी हे जुनं बैठं घर विकत घेतलं. पुढच्या दोन खोल्या ठणठणीत होत्या. मागची मोठी खोली आईची. तिचं छत जुन्या पद्धतीचं: लोखंडी गर्डर, त्यावर दगडी फरश्या, त्यावर माती आणि चुना, आणि त्यावर गल्लीतली माकडं. माकडं दर उडीला चिमूटभर माती खाली पाठवायची. पावसाळ्यात माती थांबायची आणि पाणी यायचं.

आदल्या वर्षी ते पाणी थेट देवघरात आलं. बाळकृष्णाला आषाढात अभिषेक घडला तो श्रावण संपेपर्यंत थांबला नाही. आईने देव पुसले, जागेवर ठेवले आणि मला हाक मारली.

"वसंता, पुढच्या पावसात माझ्या देवांवर एक थेंब जरी पडला, तर देव घेऊन मी श्रीधरकडे वाईला जाईन. मग न्यायला येऊ नकोस."

श्रीधर माझा धाकटा भाऊ. आई एकदा बोलते, दुसऱ्यांदा बोलत नाही, सरळ ट्रंक भरते. खरं सांगतो, ते मला चालणारं नव्हतं. रोज संध्याकाळी मी बँकेतून आलो की आतून "आलास का?" असं येतं. ते आलं नाही तर मी घरी पोचलोय हे मला कळणार कसं?

तेव्हा जून उजाडताच छत काढायचं ठरलं. आपल्याकडे ज्याला स्लॅब म्हणतात, त्याला तिथे लिंटर म्हणतात, आणि ते घालत नाहीत, ते 'पडतं'. माझ्या बायकोचं, सुनंदाचं, म्हणणं होतं की सगळं काम एखाद्या ठेकेदाराच्या अंगावर टाकावं. मी म्हटलं, आपला हात जगन्नाथ! मिस्त्री मी शोधणार, देखरेख मी करणार. कर्जदारांची घरं तपासायला मी वर्षानुवर्षं जात होतो. लोकांची इतकी छतं खालून पाहिलेल्या माणसाला स्वतःचं एक छत का जमू नये?

मिस्त्री मिळाले शफीकमियाँ. साठीचे, पांढरी दाढी, आणि बोलणं इतकं अदबशीर की चुना मागतानासुद्धा "ज़रा ज़हमत होगी" म्हणायचे. त्यांनी चिनहटहून बारा मजूर आणले, तीन दिवसांत जुनं छत उतरवलं, लाकडी बल्ल्यांच्या टेकूवर फळ्या ठोकल्या, सळ्यांची जाळी बांधली, आणि लिंटरच्या आदल्या संध्याकाळी मला समोर बसवून दोन गोष्टी सांगितल्या. पहिली, लिंटर एका दमात पडतं. मध्ये थांबलं की आधीचं काँक्रीट (त्यांच्या भाषेत मसाला) सुकतं, नवं त्याला नीट धरत नाही, आणि त्या जोडातून छत जन्मभर गळतं. दुसरी, शेवटचं घमेलं रिकामं झालं की घरमालकाने सगळ्यांना जेवू घालायचं आणि तोंड गोड करायचं, असा दस्तूर आहे.

यातलं पहिलं मी ऐकलं. दुसरं मनावर घेतलं.

कारण महिन्यापूर्वीच शेजारच्या शुक्लाजींचं लिंटर पडलं होतं. त्यांनी पुरी, बटाट्याची भाजी आणि बुंदीचे लाडू घातले होते आणि गल्लीत अजून त्याचं कौतुक चाललं होतं. मी जाहीर केलं, आपल्याकडे पुरणपोळी!

"अहो, जूनमध्ये? बारा मजुरांना?" सुनंदा म्हणाली.

मी म्हटलं, हौसेला मोल नसतं. आणि एवढा घाट घालतोच आहोत, तर आपली चार मराठी बिऱ्हाडंही बोलावू. म्हणजे बायका पोळ्या लाटायलाही होतील. (हे दुसरं वाक्य मी मनात म्हटलं. तरी तिला ऐकू गेलं.)

लिंटरच्या दिवशी मिक्सर मशीन सात वाजता यायची होती, ती साडेदहाला आली. आधीच्या कामावर अडकली होती म्हणे. एकदा आली मात्र, आणि काम असं झपाट्याने सुरू झालं की मी नुसता बघत राहिलो. खाली मशीन गरगरतेय, शिडीवर मजुरांची साखळी, घमेली हातोहात वर जातायत आणि वर शफीकमियाँ फळीने सपाट करतायत. एक वाजेपर्यंत देवघराच्या बाजूचं निम्मं छत भरलंसुद्धा.

नेमका तेव्हाच स्वयंपाकघरातून वास आला. पाहुण्यांत माझ्या बँकेतली मंडळी होती आणि हवाई दलातले जाधव. ते दर पाच मिनिटांनी घड्याळ बघत होते. बाहेर लू वाहत होती, मजूर घामाने निथळत होते आणि आत तव्यावरून पोळ्या उतरत होत्या. गार पुरणपोळी वाढणं हे माझ्या लेखी पाप. शिवाय माझा नोकरीतला अनुभव असा, की खिडकीसमोर कितीही मोठी रांग असो, जेवणाच्या सुट्टीने जगातलं कुठलंही काम बिघडत नाही. मी शिडीच्या तिसऱ्या पायरीवर चढलो आणि सुट्टी जाहीर केली.

शफीकमियाँ वरून खाली उतरले. "साहब, मसाला किसी का इंतज़ार नहीं करता."

"सिर्फ आधा घंटा, मिस्त्रीजी. हमारे यहाँ भूखे आदमी से काम नहीं करवाते."

आई पदराला हात पुसत बाहेर आली. "वसंता, पुरण जड असतं. आधी काम आटपू दे त्यांचं, मग घाल पोटभर."

दोन अनुभवी माणसं एकच गोष्ट सांगत होती. एकीने मला वाढवलं होतं, दुसऱ्याने निम्मी गल्ली बांधली होती. मी दोघांनाही समजावून सांगितलं की माझ्यावर सोडा. उचलली जीभ लावली टाळ्याला!

पंगत बसली. आणि इथे जे घडलं ते फक्त मराठी घरात आणि फक्त लखनौमध्येच घडू शकतं. आपल्याकडे पाहुणा "नको" म्हणाला की ते "वाढा" असं समजायचं असतं. पानावर आडवं पडून, दोन्ही हात पसरून, देवाची शपथ घालून नाही म्हटलं, तरच ते नाही. आणि लखनौचा माणूस नाही कसं म्हणतो? छातीवर हात ठेवतो, मान किंचित झुकवतो आणि म्हणतो, "बस, माताजी, बहुत हुआ." एवढ्याशा नकाराला आमच्या बायका काय दाद देणार? त्यात वयस्कर बाईच्या हातचं परत करायचं नाही, ही तिकडची रीत. आई वाढतेय, ते झुकतायत. ते झुकले की आई वाढतेय. मघाशी पुरण जड असतं म्हणणारी माझी आई, पण समोर पान आल्यावर तिचा हात कुठला थांबायला! मी मागून तुपाची वाटी घेऊन फिरत होतो. माणशी सात-आठ पोळ्या सहज गेल्या. शफीकमियाँनी चार खाल्ल्या आणि प्रत्येकीनंतर नवी दुवा दिली.

अर्ध्या तासाने मी वाटी ठेवली आणि घड्याळ दाखवत पुढे झालो. मजूर शुक्लाजींच्या कडुलिंबाखाली पंगतीत बसले होते त्याच क्रमाने आडवे झाले होते. मशीनवाला मशीनच्या चाकाला टेकून घोरत होता. शफीकमियाँ भिंतीशी बसल्या बसल्या झोपले होते. मी त्यांचा खांदा हलवला. त्यांनी डोळे न उघडता "बस, दो मिनट, जनाब" असं इतक्या अदबीने सांगितलं की मलाच त्यांना उठवल्याची लाज वाटली. बाकीच्यांना हाका मारल्या, पाणी शिंपडलं, थाळी वाजवली. एकाने कूस बदलली, एवढाच काय तो फरक.

वर मात्र ऊन भाजत होतं. मी शिडी चढून भरलेल्या छताच्या कडेला बोट लावलं. ती घट्ट व्हायला लागली होती. पहिल्यांदाच मला मिस्त्रींचं बोलणं आठवलं. जोड! जन्मभर गळणारा जोड, खाली देवघर, आणि आईच्या खाटेखाली तिची ट्रंक.

अशा वेळी खचेल तो मी नव्हे. खाली उतरलो आणि सांगितलं, आपणच भरू या.

जाधवांनी शर्ट काढला. विमानाची इंजिनं उघडणाऱ्या माणसाला मिक्सर म्हणजे किस झाड की पत्ती. दोन झटक्यांत मशीन गरगरू लागली. वाळू किती, सिमेंट किती, असं त्यांनी मला विचारलं. मी अंदाजपंचे दाहोदरसे सांगून टाकलं. मग त्यांनी कवायतीच्या आवाजात सगळ्यांना शिडीवर उभं केलं. बँकेतली मंडळी इस्त्रीच्या पँटी घोट्यापर्यंत दुमडून, बायका पदर खोचून. पहिलं घमेलं चार हातांतून वर आलं तेव्हा निम्मं रिकामं झालं होतं, कारण प्रत्येकाने थोडं थोडं आपल्या अंगावर ठेवून घेतलं होतं. शुक्लाजी आपल्या गच्चीत छत्री उघडून, खुर्ची टाकून बसले. वर फळी घेऊन मी.

शिडीच्या टोकाला माझी सोळा वर्षांची मुलगी मीनल होती. मराठी सगळं कळतं, उत्तर हिंदीत. माझा पहिला हात बघून ती म्हणाली, "बाबा, आप नीचे ही रहिए. मैं कर लूँगी."

मी ऐकलं नाही. (त्या दिवशी मी कोणाचंच ऐकलं नाही, त्यात तिच्यावर वेगळा राग नव्हता.) दीड तास आम्ही राबलो. छताच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, दीड हात रुंदीचा पट्टा भरून झाला. दीड हातच, पण माझा! कंबर धरून मी तो बघत उभा होतो, एवढ्यात एक माकड शांतपणे त्यावरून चालत गेलं. पावलं उमटली. तीही मी फळीने सपाट केली.

साडेतीनच्या सुमाराला शफीकमियाँ डोळे चोळत वर आले. त्यांनी पट्टा बघितला. वाकून बघितला. दुसऱ्या बाजूला जाऊन बघितला. मग माझ्या सिमेंटने माखलेल्या चष्म्याकडे पाहून छातीवर हात ठेवला.

"साहब, बस इतना कहूँगा, आपने बड़ी मुहब्बत से किया है."

लखनौमध्ये याच्यापेक्षा वाईट बोलता येत नाही.

त्यांनी मजुरांना उठवलं. पट्ट्याच्या कडा खरवडल्या, सिमेंटचा पातळ घोळ ओतला आणि राहिलेलं छत संध्याकाळपर्यंत पुरं केलं. जाताना हलक्या आवाजात हिशेब समजावला: मी नुसता थांबलो असतो तर एकच जोड झाला असता. मी मदत केल्यामुळे आता दोन आहेत.

छतावर मातीचे बांध घालून पंधरा-वीस दिवस पाणी धरलं, मग बल्ल्या आणि फळ्या निघाल्या, आई आपल्या खोलीत परत गेली. देवघर पूर्वेच्या भिंतीला, खाट पश्चिमेच्या. आणि एका रविवारी दुपारी पाऊस आला. साधासुधा नव्हे, धो धो. आम्ही सगळे आईच्या खोलीत जमलो. तिने खाटेखालची ट्रंक ओढून उघडून ठेवली होती. रिकामी. ती वर बघत बसली.

दहा मिनिटं काही झालं नाही. मी छाती पुढे काढून खोलीच्या मधोमध उभा राहिलो आणि म्हणालो, "बघ, आई."

टप्. माझ्या टकलावर.

मग दुसरा, मग तिसरा. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, थेंबांच्या दोन सरळ ओळी, मध्ये दीड हाताचं अंतर, आणि एका ओळीच्या बरोबर खाली मी. ट्रंकेकडे बघायचं धैर्य होईना. चाळिशी उलटलेला माणूस मी, पण त्या क्षणी रडू येईल असं वाटलं.

आई उठली. देवघरापाशी गेली. बाळकृष्णाच्या डोक्यावरून बोट फिरवलं, आसन चाचपलं, मागची भिंत चाचपली. सगळं कोरडं ठणठणीत. मग माझ्याजवळ येऊन पदराने माझं टक्कल पुसलं.

"मी देवांवरच्या थेंबाचं बोलले होते," ती म्हणाली. "तुझ्यावर पडलेला मी धरत नाही."

ट्रंक परत खाटेखाली गेली. सुनंदाने लिंटरच्या दिवशी पुरण शिजवलेली दोन मोठी पातेली आणून ओळींखाली ठेवली. दर पावसाळ्यात ती तिथेच असतात.

पुढच्या आठवड्यात आईने श्रीधरला पत्र लिहिलं आणि चिकटवून टाकायला माझ्याकडे दिलं. मी वाचलं. (आंतरदेशीय पत्र उघडं असलं की वाचलं जातं.) लिहिलं होतं: "छत उत्तम झालं आहे. देव कोरडे आहेत. मध्ये दीड हात वसंताने स्वतः केलं आहे, तेवढंच गळतं. तू स्लॅब घालशील तेव्हा त्याला जेवायला जरूर बोलाव. पण काम संपल्यावर."

त्यात खोटं काहीच नव्हतं. मी पत्राच्या तिन्ही कडांना भरपूर डिंक लावला, बोटाने दाबून दाबून चिकटवल्या आणि पेटीत टाकलं. श्रीधर सांगतो, वाईला पोचलं तेव्हा एक बाजू उघडी होती.