मोळी टेकवायचा कट्टा
ओल्या बांबूचा वास आला की मला कुरखेड्याजवळचा तो बांबूचा बसथांबा आठवतो. आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाला आम्ही चौघांनी मिळून तो आखला आणि गावकऱ्यांच्या मदतीने बांधला. गटप्रमुख मी होते. आमच्यातली एक मैत्रीण त्याच भागातली. ती ड्रॉइंगवर बोट ठेवून म्हणाली होती, "इथी छातीएवढा कट्टा पाह्यजे. बाया मोळी कुठी टेकवतीन?" मी मान डोलावली, आणि ड्रॉइंग मोकळं दिसावं म्हणून तिला न सांगता कट्टा काढून टाकला. कट्टा सगळ्यात शेवटी बांधायचा असेल, असं ती धरून चालली होती. बांधकाम संपलं त्या दुपारी जंगलातून आलेली एक बाई डोक्यावर लाकडांची मोळी घेऊन सावलीत शिरली. तिने चारी बाजूंना पाहिलं. मोळी टेकवायला जागाच नव्हती. "पोरी, जरा हात लाव वं," ती मला म्हणाली. फोटो काढायला धरलेला मोबाइल माझ्या हातात तसाच राहिला. मी हलले नाही. मैत्रिणीने पुढे होऊन मोळी उतरवली आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "मले काऊन नाई सांगतलं?" मला लाज वाटली नाही, वाईटही वाटलं नाही, काहीच वाटलं नाही. त्या कामाला वर्गात सर्वांत जास्त गुण मिळाले. आता मी विद्यार्थ्यांना गटात काम कसं करावं ते शिकवते. हा प्रसंग मात्र त्यांना अजून सांगितलेला नाही.