भाऊंच्या एकवीस दिवसांच्या गोळ्या

हॉस्पिटलात पेशंटची फाइल जशी जाड होते, तसे किस्सेही साचत जातात. आमच्या भाऊंच्या, म्हणजे माझ्या थोरल्या भावाच्या, मेंदूत रक्तस्राव झाला. तो थांबला, पण धोका टळला नव्हता: मेंदूतल्या नसा आकसून पुन्हा झटका येऊ शकतो. तो येऊ नये म्हणून एकवीस दिवस, दर चार तासांनी गोळ्या. मी वहीत वेळ, गोळी, बीपी असे रकाने आखले. रकान्यात मावलं नाही ते मागच्या पानावर गेलं.

गोळी चुकू नये म्हणून आम्ही चौघांनी मोबाइलवर अलार्म लावले. वहिनींच्या अलार्मला आरती. दुपारी बाराला ती सुरू झाली की समोरच्या खाटेजवळची मंडळी उठून टाळ्या वाजवायची. तिसऱ्या दिवशी त्यांच्यातल्या कामठीच्या आजींनी माझ्यापुढे हात केला, "प्रसाद?"

या गोळीनं बीपी उतरतं. एकदा फारच उतरलं. सिस्टर डॉक्टरांना फोन लावणार, तेवढ्यात इतवारीतला, भाऊंच्या शेजारचा भांडेवाला भेटायला आला. भाऊंचंही दुकान भांड्यांचंच. "काळजी नका करू भाऊ," तो म्हणाला, "तुमचे सारे गिऱ्हाईक मीच सांभाळून राहिलो."

सिस्टरनी पुन्हा बीपी मोजलं आणि मला हळूच विचारलं, "हे रोज येऊ शकतील का?"

शौचाला जोर करायचा नाही, म्हणून पोट साफ व्हायचं औषधही होतं. चौथ्या दिवशी यश आलं! हुडकेश्वरला राहणाऱ्या आमच्या ताईनं लगेच फॅमिली ग्रुपवर कळवलं. अभिनंदनं आली, फुलं आली, कुणी फटाकेही पाठवले. भाऊंनी मोबाइल मागितला, चष्मा लावला. मिनिटभरात सगळ्यांना दिसलं: भाऊंनी ग्रुप सोडला.

डॉक्टर रोज राउंडला विचारायचे: नाव काय, कुठे आहात, आज वार कोणता? उत्तर चुकलं तर नसा आकसल्याची शंका. वहिनींना ती परीक्षाच वाटली. राउंडच्या आधी त्या भाऊंकडून उत्तरं पाठ करून घेऊ लागल्या.

पंधराव्या दिवशी नाव बरोबर, नागपूर बरोबर. वार विचारला तर भाऊ म्हणाले, "मंगळवार."

होता बुधवार. डॉक्टरांचा चेहरा बदलला. तडक स्कॅन. वहिनी भिंतीला टेकून उभ्या. मी वही पुन्हा पुन्हा तपासली. एकही गोळी चुकली नव्हती.

स्कॅन साफ निघाला. तेव्हा वहिनी रडत डॉक्टरांना म्हणाल्या, "मीच मंगळवार पाठ करून घेतला जी. इथं दिवसच समजून नाही राहिले."

डॉक्टरांनी भाऊंना विचारलं, तुम्हाला स्वतःला कोणता वार वाटत होता?

"बुधवार हाय, हे मले पक्कं माहीत होतं," भाऊ म्हणाले. "पण डॉक्टर साहेब, तुमी मले आठ दिवसांत सोडसान. मंग घरी हिच्याच संगं राहाचं हाय."